टॅक्सीच्या मागच्या सीटवरचा टीव्ही : सोलापूरच्या गाडीमालकांचे आणि प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीचं वायरिंग, रिव्हर्स कॅमेरा, म्युझिक सिस्टीम हे माझं रोजचं काम. शिवाय पिवळ्या पाटीची एक गाडी स्वतःची आहे. ती अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशी फिरते. ‘मागच्या सीटला स्क्रीन बसवून द्या’ म्हणणारे गाडीमालक माझ्याकडे येतात, आणि तशा गाडीतून उतरताना ‘ते बंद कसं करायचं हो?’ विचारणारे प्रवासीही भेटतात. दोघांनाही तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

सोलापुरात टॅक्सी आहेच कुठे?

प्रश्न रास्त आहे. मुंबईसारखी हात दाखवून काळी-पिवळी थांबवायची पद्धत इथे रुजली नाही. गावात फिरायला रिक्षा आणि महापालिकेची बस, बाहेरगावी एसटी, नाहीतर वडाप. पण पहाटेची रेल्वे लागली की स्टेशनबाहेर ‘अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर’ अशी हाळी ऐकू येतेच. अर्टिगा, इनोव्हा, जुन्या तवेरा, अॅपवर चालणाऱ्या छोट्या गाड्या, सगळ्या पिवळ्या पाटीच्या. खाली ‘टॅक्सी’ म्हटलंय ते यांना.

एक फरक आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या शहरात टॅक्सीतला माणूस पंधरा-वीस मिनिटं बसतो. आपल्याकडे एका दिवसात दोन-तीन देव करणारं कुटुंब सकाळी सहाला बसतं आणि रात्री आठला उतरतं. पंधरा मिनिटांसाठी बनवलेला कार्यक्रम चौदा तास लावला तर माणूस देवाच्या आधी तुम्हाला हात जोडेल.

ही कल्पना आली कुठून?

सगळ्यात मोठा प्रयोग न्यूयॉर्कचा. तिथल्या टॅक्सी आयोगाने पिवळ्या टॅक्सींमध्ये कार्डने पैसे घेणारं यंत्र, जीपीएस आणि मागच्या सीटसमोर स्क्रीन सक्तीची केली. अशा टॅक्सी तेरा हजारांवर. सप्टेंबर २००७ मध्ये चालकांनी त्याविरुद्ध दोन दिवस संप केला. राग मुख्यतः जीपीएसवर आणि कार्डाच्या पैशांतून कापल्या जाणाऱ्या टक्क्यांवर होता. पण स्क्रीनचा जाच वेगळाच होता. बातम्यांचे तुकडे, हवामान, कार्यक्रमांच्या झलका, मध्ये जाहिराती, असं एकच गुऱ्हाळ दिवसभर. प्रवासी बदलत राहतो, चालक बदलत नाही. बारा तासांच्या पाळीत एकच विनोद किती वेळा ऐकायचा?

प्रवासीही खूश नव्हते. बंद करायची सोय होती, पण बसल्या बसल्या पहिलं काम तेच. बटण शोधा, दाबा, नाहीतर निदान आवाज तरी घालवा. शेवटी ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच आयोगाने स्क्रीनशिवाय टॅक्सी चालवून बघायला मंजुरी दिली.

मग ती इतकी वर्षं टिकली कशी? कारण पैसे त्याच स्क्रीनवर भरायचे होते. भाडं दिसायचं, खाली टिपचे तयार आकडे, २०, २५, ३० टक्के. माणूस घाईत बोट लावून मोकळा. टीव्ही हा कार्डयंत्राच्या पाठीवर बसून आला होता. आपल्याकडे ते काम डॅशबोर्डवर चिकटवलेला क्यूआर कोड करतो, आणि त्याला वायर लागत नाही.

भारतात कुणी करून पाहिलं नाही का?

पाहिलं की. ओला कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘ओला प्ले’ आणलं. मागच्या सीटसमोर टॅब, गाणी, व्हिडिओ. २०१९ मध्ये गुंडाळलं.

माझं मत विचाराल तर त्याचं कारण ते आलं त्याच वर्षात आहे. २०१६ मध्येच यूपीआय आलं, आणि त्याच सप्टेंबरात जिओने डेटा पाण्याच्या भावात नेऊन ठेवला. ज्या वर्षी सीटवर टीव्ही आला त्याच वर्षी प्रत्येकाच्या खिशात टीव्ही आला, तोही स्वतःच्या आवडीचा. दुसऱ्याने लावलेला कोण बघणार?

रेल्वेचंही आठवत असेल. मे २०१७ मध्ये मुंबई-गोवा तेजस एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक सीटला स्क्रीन होती. पहिल्याच फेरीनंतर काही स्क्रीनवर ओरखडे सापडले आणि हेडफोन गायब. प्रवाशांना नावं ठेवायला मला आवडत नाही, पण गाडी भाड्याने फिरवणाऱ्याने हे गृहीत धरावं. जे ओढून निघतं ते कधीतरी निघणारच.

आणि जुन्यांना व्हिडिओ कोच आठवतील. रातराणीत पुढे वर एक डबा टीव्ही, बारा वाजेपर्यंत मारामारी, झोपणारे वैतागलेले आणि बघणाऱ्यांना मागून दिसत नाही. तेव्हा घरी व्हिडिओ नव्हता म्हणून त्याचं अप्रूप होतं.

मग बसवायचीच कशाला?

बहुतेकांनी बसवू नये. हे मी गल्ल्यावर बसून सांगतो, तरी लोक ऐकत नाहीत.

ज्यांच्या गाडीत दिवसभराचे यात्रेकरू असतात त्यांना मात्र ती कामाला येते, पण टीव्ही म्हणून नाही, पाटी म्हणून. पुढचं ठिकाण कोणतं, ते किती किलोमीटरवर, जेवायला कुठे थांबणार, गाडी परत कुठे उभी असेल, चालकाचा नंबर काय. तुळजापुरात दर्शन करून बाहेर पडलेली आजी गाडी शोधत तासभर फिरते, तेव्हा सकाळी स्क्रीनवर दिसलेला गाडीचा नंबर तिच्या नातवाच्या लक्षात असतो. माझ्या गाडीवर मी एवढंच ठेवलंय. आवाज नाही, हलणारं चित्र नाही, मोठी अक्षरं.

भाषेचं म्हणाल तर सोलापूरला एका भाषेत भागत नाही. पूर्व भागातली तेलुगू, इंडी-विजापूरकडून येणाऱ्यांची कन्नड, घरी उर्दू बोलणारे, आणि मराठी. चारही लिप्यांत तीच चार वाक्यं लिहून घ्या. अॅपमधून भाषांतर करून डकवू नका. ओळखीच्या माणसाकडून वाचून घ्या. एका गाडीत मी ‘पट्टा लावा’चं कन्नड असं काही लावून ठेवलं होतं की मागची सगळी मंडळी हसून बेजार. काय लिहिलंय ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

घरचा जुना टॅब लावला तर चालेल का?

हिवाळ्यात चालेल. सोलापूरचा एप्रिल-मे लक्षात घ्या. बाहेर ४२-४३ अंश, आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. आयपॅड बनवणारी कंपनी स्वतः सांगते की तो ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा आणि ४५ च्या वर ठेवूही नये. आपल्या मंदिराबाहेरच्या पार्किंगमध्ये ४५ ही सकाळी दहाची गोष्ट झाली.

धोका काचेला नाही, आतल्या लिथियमच्या बॅटरीला. उष्णतेने ती फुगते. मी स्वतःच्या गाडीत पहिल्यांदा जुना टॅबच लावला होता. मे महिन्यात एक दिवस बघतो तर मागचं झाकण भाकरीसारखं टम्म फुगलेलं आणि स्क्रीन एका बाजूने उचललेली. काढून मोकळ्या जागेत मातीवर ठेवला आणि नंतर ई-कचरा घेणाऱ्याकडे दिला. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही.

म्हणून घ्यायचीच तर बॅटरी नसलेली स्क्रीन घ्या, गाडीच्या वीजेवर चालणारी. गाडी बंद, स्क्रीन बंद. झळाळीही बघून घ्या. दुपारी दोनला खिडकीतून ऊन येत असताना दुकानात छान दिसलेली स्क्रीन आरसा होऊन जाते.

गाडीची बॅटरी उतरेल का?

नीट जोडली तर नाही. दहा इंची स्क्रीन साधारण १०-१२ वॉट घेते, म्हणजे १२ व्होल्टवर एक अँपिअर. इंजिन चालू असताना हे काहीच नाही. घोळ होतो तो थेट बॅटरीवरून लाईन घेतल्यावर. रात्रभर चालू राहिली तर दहा तासांत दहा अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५-४५ ची असते. दोन रात्री गाडी उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी प्रवासी दारात आणि स्टार्टर ‘टक’ म्हणून गप्प.

चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाईनवरून घ्या, स्वतंत्र फ्यूज टाका, वायर कार्पेटखालून न्या. सीटच्या रुळाखाली चिमटून सोललेली वायर मी इतक्यांदा बघितलीय की सांगायची सोय नाही. आणि सीटच्या खाली पिवळं आवरण असलेली वायर दिसली तर तिला हात लावू नका, ती एअरबॅगची असते. कंपनीची वॉरंटी चालू असेल तर मूळ वायर कापण्याऐवजी मधे जोडायचा कपलर घ्या. नंतर सर्व्हिस सेंटरला वाद घालायला कारण उरत नाही.

नेमकी कुठे बसवू?

पुढच्या सीटच्या पाठीवर, हेडरेस्टच्या दांड्यांना क्लॅम्पने, जितकी खाली आणि जितकी सपाट जमेल तितकी. करकचून ब्रेक लागला की मागच्याचं डोकं तिथेच जातं. बाहेर आलेला टोकदार कोपरा नको. मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे, न लावल्यास १,००० रुपये दंड. कागदावर हे आधीपासूनच होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला तेव्हा लोकांना ते पहिल्यांदा कळलं. स्क्रीनवर काही एकच दाखवायचं असेल तर पट्ट्याची सूचना दाखवा.

प्रवासी वाहनात संकटकाळी दाबायचं लाल बटण आणि गाडीचा माग ठेवणारं उपकरण असतं. ते बटण स्क्रीनच्या मागे जाता कामा नये. असं झालेलं मी दोनदा काढून दिलंय, दोन्ही वेळा मालकाला ते बटण कशाचं हेच माहीत नव्हतं.

चालकाला आरशातून हलणारं चित्र दिसत असेल तर जागा चुकली. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावर ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाईलवर क्रिकेट बघतोय असा व्हिडिओ फिरला आणि त्याला कामावरून काढण्यात आलं. आरशातला सामना हा त्याचाच धाकटा भाऊ.

मुलांना कार्टून लावलं की उलटी होते. स्क्रीन खराब आहे का?

स्क्रीन ठीक आहे, गाडी लागते. कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण वळतोय, डोळे म्हणतात समोरचं चित्र जागचं हललेलं नाही. मेंदूला दोन साक्षीदार वेगवेगळं सांगतात आणि पोट निकाल देतं. तुळजापूरचा घाट लागला की स्क्रीन बंद करा, खिडकी उघडा, मुलाला समोर लांबवर रस्ता बघायला लावा. आमच्या चालकाने आता घाटाच्या अलीकडेच ‘चला, टीव्ही झोपला’ म्हणायची सवय लावलीय. सीट धुण्यापेक्षा ते स्वस्त.

पेन ड्राइव्हवर पिक्चर टाकून लावू का?

नको. भाड्याच्या गाडीत लावलेला सिनेमा घरी बघितलेला राहत नाही, धंद्यात दाखवलेला होतो. त्याला हक्कधारकाचा परवाना लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहे. ‘माझं ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे’ हे उत्तर होत नाही. ते घरापुरतं असतं.

प्रवाशाने स्वतःच्या मोबाईलवर काय बघावं हा त्याचा प्रश्न. हेडफोन लावून बघावं, ही विनंती.

जाहिराती लावून पैसे सुटतील का?

हा खरा प्रश्न, बाकी सगळे याच्याच भोवती फिरतात. चादरीवाले, शेंगा चटणीवाले, क्लासेस, सराफ, दवाखाने, सगळ्यांना गिऱ्हाईक हवंय. पण ते तुम्हाला विचारतील : किती जणांनी बघितलं? एका गाडीत दिवसाला चार ते सहा माणसं, त्यातलीही एकाच घरातली. होम मैदानावर गड्डा यात्रेत लावलेला एक फलक एका संध्याकाळी जितक्या डोळ्यांखालून जातो, तितकी माणसं तुमच्या गाडीत वर्षभरात बसत नाहीत. हे मी जाहिरातदार असतो तर पहिल्या मिनिटाला म्हटलं असतं.

चालतं ते एकच : प्रवाशाला आत्ता हवी असलेली गोष्ट. बाहेरगावचा माणूस संध्याकाळी परत स्टेशनला सोडायच्या वाटेवर असेल, तर ‘चादर आणि टॉवेल घ्यायला इथे थांबू का?’ ही एक पाटी दहा जाहिरातींना भारी. तिथे चालकाला दुकानाकडून काही मिळत असेल तर ते प्रवाशाला सांगा. लपवलेलं कमिशन नंतर रेटिंगमध्ये निघतं.

नियमांचं थोडक्यात. गाडीवर बाहेरून जाहिरात लावायला आरटीओची परवानगी आणि फी लागते. आतल्या स्क्रीनसाठीही अर्ज देऊन लेखी उत्तर घेऊन ठेवा, तोंडी ‘चालतंय की’वर राहू नका. तंबाखूची जाहिरात २००३ च्या कायद्याने बंद. आणि निवडणुकीच्या काळात कुणा पक्षाचा कार्यकर्ता पेन ड्राइव्ह घेऊन आला तर आधी प्रमाणपत्र मागा. इलेक्ट्रॉनिक माध्यमातल्या राजकीय जाहिरातीला निवडणूक आयोगाच्या समितीकडून आधी मंजुरी लागते. ‘आपलाच माणूस आहे बे’ हे प्रमाणपत्र नव्हे.

आवाज किती ठेवायचा?

शून्य. ज्याला ऐकायचंय तो वाढवेल.

वीस मिनिटांचा कार्यक्रम दहा तास फिरला की तीस वेळा वाजतो. माझ्या ओळखीच्या एकाने साडीच्या दुकानाची जाहिरात सुरासकट लावली होती. चौथ्या दिवशी त्याच्या चालकाने स्क्रीनवर टर्किश टॉवेल टाकला, वर दोन कपड्यांचे चिमटे लावले. मालक म्हणाला, काढ. चालक म्हणाला, टॉवेल सोलापूरचाच आहे, ही पण जाहिरातच. न्यूयॉर्कवाल्यांना जे कळायला आठ वर्षं लागली ते याला चार दिवसांत कळलं.

मी प्रवासी आहे. बंद करायला सांगू शकतो का?

सांगा, बिनदिक्कत. पैसे तुम्ही देताय. सहसा कडेला किंवा मागे बटण असतं. नसेल तर चालकाला ‘दादा, तेवढं बंद करा’ म्हणा, तो मनातून आभारच मानेल. माझ्याकडे बसवायला येणाऱ्यांना मी एकच अट घालतो : बटण समोर, ठळक, अंधारातही हाताला लागेल असं, आणि एकदा बंद केलं की प्रवास संपेपर्यंत बंदच. पाच मिनिटांनी आपोआप उठून बसणारी स्क्रीन मी लावत नाही. त्यामुळे दोन कामं हातची गेली. गेली तर गेली.

स्क्रीनला कॅमेरा आहे. तो मला बघतो का?

बघू शकतो. टोकियोच्या काही टॅक्सींमध्ये जाहिरातीच्या टॅबवर तशी सूचनाच होती : समोरच्या कॅमेऱ्याने चेहरा बघून प्रवासी बाई आहे की पुरुष याचा अंदाज घेतला जातो आणि तशी जाहिरात दाखवली जाते, चित्र साठवलं जात नाही. २०१९ मध्ये त्या सूचनेचा फोटो जगभर फिरला आणि लोक उखडले. सूचना होती म्हणून निदान कळलं तरी.

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे. कायद्याचं मोठं प्रकरण बाजूला ठेवा. कॅमेऱ्याची गरज नसेल तर त्यावर काळी पट्टी चिकटवा. दहा रुपयांचं काम. मालकांनो, सुरक्षेसाठी कॅमेरा ठेवलाच असेल तर तसं चारही भाषांत लिहा.

रिक्षात बसवता येईल का?

बसवता येईल. धूळ, पाऊस, खड्डे आणि उघडी बाजू, चौघं मिळून दोन महिन्यांत काढूनही देतील.

डेटाचा खर्च किती येतो?

साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला अर्धा ते पाऊण जीबी खातो. दिवसभर चालवायचं तर सिमवर अवलंबून राहू नका, रस्त्यात रेंजही जाते-येते. रात्री घरच्या वायफायवर कार्डात भरून ठेवा. नुसती पाटी असेल तर हा प्रश्नच नाही. माझी स्क्रीन महिन्यातून एकदा बदलते, तीही पेन ड्राइव्हने.

नको झाली तर काढता येते का? सीटला भोकं राहतात का?

क्लॅम्पची असेल तर दहा मिनिटांत निघते, मागे काही राहत नाही. सीटच्या पाठीत स्क्रू मारून बसवली असेल तर चार भोकं राहतात, आणि गाडी विकताना घेणारा नेमकं तिथेच बोट घालतो. सीटकव्हर बदललं की झाकतं. काढताना वायर मधेच कापून सोडू नका; फ्यूज काढा, टोकाला टेप गुंडाळा आणि कार्पेटखाली बांधून ठेवा, म्हणजे उद्या कुणाला मोबाईल चार्जर लावायचा झाला तर तीच लाईन कामाला येते. प्रवासी मागतात ते बहुतेक वेळा तेच.